परिसर, मन आणि हालचाल : जामखेडच्या अनुभवाचा बोध

आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे. शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्याची परिपूर्ण अवस्था म्हणजे आरोग्य होय, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेत केलेली आहे. या तीन अंगांचा परस्परसंबंध मात्र ग्रामीण आरोग्याच्या विचारात पुष्कळदा दुर्लक्षित राहतो. माणूस घराबाहेर पडतो की नाही, चालतो-खेळतो की नाही, हे केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून असते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः भोवतालचा परिसर आणि मनाची अवस्था या दोहोंचा त्यात मोठा वाटा असतो. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अनुभव यादृष्टीने उद्बोधक आहे.

श्रम आणि व्यायाम

‘शेतकऱ्याला व्यायाम कशाला?’ असा प्रश्न खेड्यात नेहमी विचारला जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराच्या किंवा खुरपणी करणाऱ्या स्त्रीच्या शरीराला कष्ट कमी पडत नाहीत, हे खरेच आहे. परंतु कर्जाच्या किंवा पोटाच्या चिंतेने केलेले श्रम शरीराला थकवितात. ते मनाचा ताण हलका करतीलच असे नाही. स्वेच्छेने, सोबत्यांसह केलेला खेळ किंवा फेरफटका झोप, भूक व उत्साह यांना उपकारक ठरतो. शिवाय ट्रॅक्टर, विजेचा पंप व मोटारसायकल यांमुळे खेड्यातील शरीरश्रमाचे स्वरूपही पालटले आहे. दुकानदार, कर्मचारी, विद्यार्थी व वृद्ध यांचा बराच वेळ बसूनच जातो. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची आणि शाळकरी मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली केली आहे.

खेळाने जोडलेले गाव

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तालुका अवर्षणग्रस्त, जातिभेद तीव्र. आरोग्याची व्याख्याने देऊन गाव एकत्र येणार नाही, हे त्यांनी ओळखले. गावोगावी सायंकाळी व्हॉलीबॉलचा खेळ मांडण्यात आला. त्या निमित्ताने निरनिराळ्या जातींचे तरुण एका मैदानावर आले. खेळानंतर गप्पा होऊ लागल्या आणि त्यांतूनच शेतकरी मंडळे आकारास आली. कूपनलिका घेताना दलित वस्तीतील जागा निवडण्यात आल्या. त्यामुळे इतरांची पावलेही पाण्यासाठी त्या वस्तीकडे वळली.

गावातील मोकळी जागा काही नवी नव्हती. तेथे निःसंकोचपणे पाऊल टाकता येईल, हा विश्वास नवा होता. परिसर म्हणजे केवळ रस्ते व मैदाने नव्हेत. कोणत्या आळीतून कोणी जावे याविषयीचे अलिखित नियम, भीती आणि संकोच हेही परिसराचेच भाग होत.

प्रकल्पातील ग्राम आरोग्यसेविका हे याचे दुसरे उदाहरण. त्यांपैकी अनेकजणी निरक्षर व उपेक्षित समाजातील होत्या. प्रशिक्षणाने त्यांना ज्ञान मिळाले, तसाच आत्मविश्वासही लाभला; पूर्वी उंबरठ्याआड राहणाऱ्या स्त्रिया घरोघर फिरू लागल्या. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर श्रमदान व नशाबंदी यांची सांगड घालण्यात आली. तेथील जलसंधारणाची चर्चा पुष्कळ होते. तथापि, एकत्र घाम गाळल्याने माणसांचे संबंध सुधारतात आणि दारूचा उपद्रव थांबला की स्त्रिया-मुलांना सायंकाळी निर्भयपणे वावरता येते, हा लाभही तितकाच मोलाचा मानला पाहिजे.

मन खचले असता

परिसर कितीही चांगला असला, तरी खचलेला माणूस त्याचा लाभ घेईलच असे नाही. उदासीनतेने ग्रासलेल्या व्यक्तीला अंथरुणातून उठणेही जड जाते. ती घरात कोंडून घेते, हालचाल मंदावते, लोकांशी संबंध तुटतो आणि उदासीनता आणखी वाढते. अशा व्यक्तीला आळशी ठरविणे अन्यायाचे आहे. नियमित हालचालीने सौम्य नैराश्य व चिंता कमी होण्यास मदत होते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र व्यायाम हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नव्हे. नापिकी, कर्जबाजारीपणा किंवा घरातील मृत्यू यांनंतर एखादी व्यक्ती पारावर येईनाशी झाली, बोलेनाशी झाली, तर तिची वेळीच विचारपूस होणे आवश्यक असते. कधी कधी प्राण वाचणे त्यावर अवलंबून असते.

ग्रामपंचायतीचे कार्य

यासाठी मोठा निधीच लागतो असे नाही. सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक व आशा सेविका यांनी स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्या समवेत गावातून सकाळी आणि अंधार पडल्यावर एकेक फेरी मारावी. दिवे कोठे बंद आहेत, सांडपाणी कोठे साचते, मुली कोणता रस्ता टाळतात आणि का, वृद्धांना टेकण्यास जागा आहे की नाही, याची नोंद घ्यावी. ही नोंद ग्रामसभेपुढे ठेवून दुरुस्तीचा क्रम ठरवावा. शाळेचे मैदान सायंकाळी देखरेखीखाली खुले ठेवता येईल. मुलींसाठी व स्त्रियांसाठी खेळाची वेळ राखून ठेवावी. दलित व भटक्या-विमुक्तांच्या वस्त्या या सोयींतून वगळल्या जाणार नाहीत, याची दक्षता घ्यावी.

खचलेल्या व्यक्तीला एकदम व्यायामाचा उपदेश न करता शेजाऱ्याने सोबत घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाणे अधिक परिणामकारक ठरते. त्रास टिकून राहिल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या फलकावर ठळकपणे लावावा.

गावाच्या विकासाचे मोजमाप करताना किती मीटर रस्ता झाला, याबरोबरच त्या रस्त्यावरून कोण निर्भयपणे चालू लागले, याचीही नोंद झाली पाहिजे.