तैलखडूंची चित्रे : निवड आणि जतन

प्रश्न (दोंडाईचा) : तैलखडूंची चित्रे उन्हाळ्यात एकमेकांना चिकटतात आणि रंगही उडतात, उपाय काय?

उत्तर : तैलखडूतील रंगद्रव्य मेणात व न वाळणाऱ्या तेलात मिसळलेले असल्याने चित्र पूर्णपणे सुकत नाही आणि खानदेशातील ४० अंशांपुढील उन्हाळ्यात ते अधिकच मऊ होते. म्हणून जाड, आम्लरहित, म्हणजे कालांतराने सहसा पिवळा न पडणारा कागद घ्यावा आणि रंगांचे प्रकाशस्थैर्य, म्हणजे उजेडात टिकण्याचा गुण, तपासावा; फ्लोरोसंट छटा लवकर फिकटतात. चित्रे पत्र्याच्या छपराखाली न ठेवता, मध्ये बटर पेपर घालून, वजन न देता आडवी ठेवावीत. लॅमिनेशनच्या उष्णतेने मेण वितळते, म्हणून ते टाळून चौकट करावी. मात्र काच चित्राला टेकू नये, यासाठी मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची कड, बसवावी.