उत्पादन घटले, तर नोकरी कुणाची जाते?

तिमाहीचे आकडे जाहीर झाले की बेडोकच्या फूड सेंटरमध्ये कॉफी पिताना आपल्यात एक प्रश्न हमखास निघतो : देशाची वाढ मंदावली, आता नोकऱ्यांचे काय?

आर्थर ओकन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1962 मध्ये एक ढोबळ नियम मांडला. उत्पादन नेहमीच्या वाढीपेक्षा मागे पडले की बेकारी वाढते, पण तेवढ्याच प्रमाणात नाही. कारण मालक आधी ओव्हरटाइम बंद करतो, बोनस कापतो, भरती थांबवतो. माणसे काढतो ती शेवटी. म्हणून परिणाम उशिरा दिसतो. सिंगापूरचे उत्पादन 2001 मध्ये घटले. बेकारीने उच्चांक गाठला तो 2003 मध्ये. (त्या वर्षी सार्सचीही भर पडली होती.)

पण इथे आणखी एक गोम आहे. 2020 मध्ये कोविडमुळे उत्पादन सुमारे 4 टक्क्यांनी घटले. बेकारीचे सरासरी प्रमाण मात्र 2019 च्या 2.3 टक्क्यांवरून 3.0 टक्क्यांवरच गेले. वाचून हायसे वाटते. प्रत्यक्षात त्याच वर्षी, घरकामगार वगळता, एकूण रोजगार 1,66,600 ने कमी झाला. नागरिक व पी.आर. यांचा रोजगार उलट 14,900 ने वाढला. परदेशी लोकांचा 1,81,500 ने घटला. पगारासाठी सरकारने मालकांना दिलेली मदतही नागरिक व पी.आर. कर्मचाऱ्यांपुरतीच होती. नोकरीबरोबर पास गेला की माणूस मायदेशी परततो आणि बेकारांच्या मोजणीत येतच नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात एम्प्लॉयमेंट पासवर पगार येतो, त्यांनी बेकारीच्या टक्क्यावर विसंबू नये. मनुष्यबळ मंत्रालयाच्या तिमाही अहवालात परदेशी लोकांचा रोजगार वाढला की घटला, ते पाहावे.

पासवाल्यांना सी.पी.एफ. नाही. पास रद्द झाल्यावर राहायला साधारण 30 दिवस मिळतात. शिवाय कराचा हिशेब पुरा होईपर्यंत मालकाला आपले देणे रोखून ठेवावे लागते. म्हणजे तिकिटे आणि सामान हलवण्याचा खर्च येतो, नेमका तेव्हाच हात रिकामा. मी सहा महिन्यांचा खर्च इथल्याच बचत खात्यात ठेवतो, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते धरून. व्याज कमी मिळते म्हणून घरी बोलणी खातो, ते सोडा.

भाडेकरारही कपाटातून काढून वाचावा. त्यात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ असला, तरी तो बहुधा पहिल्या 12 महिन्यांनंतरच लागू होतो, आणि वर 2 महिन्यांची नोटीस द्यावी लागते.