'दे' आणि 'द्या'

मुलांनो, घरी तुम्ही अम्मीला 'आप' म्हणता. मराठी घरांत मुले आईला प्रेमाने 'तू' म्हणतात. त्यात अपमान नसतो. पण घराबाहेरच्या मोठ्या माणसांना मराठीत 'तुम्ही' म्हणावे. एस.टी.च्या कंडक्टरला 'तिकीट दे' म्हणू नये. 'काका, एक तिकीट द्या' म्हणावे. फोन केला, की आधी आपले नाव सांगावे. मग 'सर आहेत का?' असे विचारावे.

आणि सकाळी रस्ता झाडणाऱ्या मावशी? त्यांना पुष्कळ लोक 'तू' म्हणतात. का बरे? त्याही वयाने मोठ्याच आहेत ना? 'मावशी, तुम्हांला पाणी हवे का?' असे एकदा विचारून पाहा. 'दे' आणि 'द्या' यांत फरक एवढासाच. पण ऐकणाऱ्याच्या मनाला तो लगेच कळतो.