दिलेला शब्द पुन्हा सांगू या



लग्नाच्या दिवशी वेदीसमोर आपण एकमेकांना जन्मभराचे वचन देतो. पुढे संसाराच्या रगाड्यात ते बोलून दाखवायचे राहून जाते. ‘तिला ठाऊकच आहे,’ असे आपण धरून चालतो. पण मनात शंका शिरली की साधे भांडणही ताटातुटीची सुरुवात वाटू लागते.

आपल्याच जिल्ह्यातले एक घर आठवू या. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे नगर-राहुरीत दोघांचा संसार पुन्हा उभा राहिला. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही, पत्नीचे सोवळे-ओवळे सांभाळू दिले. ‘तू आहेस तशी माझी आहेस,’ हे त्यांच्या वागण्यातून लक्ष्मीबाईंना कळले असेल. १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला.

वागणे हवेच, पण शब्दही हवेत. म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. रात्रीच्या प्रार्थनेनंतर जोडीदाराला ‘मी तुझ्यासोबत आहे’ असे सांगू या. आणि कितीही राग आला तरी ‘माहेरी निघून जा’ किंवा ‘मी सोडून जाईन’ ही भाषा तोंडी आणायची नाही, असे ठरवू या.