स्थानिक बुद्धिबळ क्लब : संस्था टिकविण्याचे आव्हान
करोल बागेच्या संदर्भात एक अभ्यास

भारतीय बुद्धिबळाची गेल्या काही दशकांतील प्रगती लक्षणीय आहे. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद देशाचे पहिले ग्रँडमास्टर झाले. २०२४ मध्ये बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने खुल्या व महिला अशा दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डी. गुकेश विश्वविजेता ठरला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला व ती देशाची ८८वी ग्रँडमास्टर झाली. मात्र शिखराची उंची वाढली म्हणजे पायाही रुंदावला, असे गृहीत धरता येत नाही. मोहल्ल्यातील, पेठेतील वा वसाहतीतील बुद्धिबळ क्लब हा या खेळाचा पाया होय. असे क्लब स्थापन होणे फारसे कठीण नसते; ते वीस-पंचवीस वर्षे चालणे कठीण असते. हा प्रश्न क्रीडाक्षेत्रापुरता मर्यादित नाही. नागरी जमिनीचा वापर, स्वयंसेवी संस्थांचे व्यवस्थापन आणि स्थानिक स्वराज्य या तिन्ही विषयांशी त्याचा निकटचा संबंध आहे.

क्लबचे कार्य

क्लब म्हणजे प्रशिक्षणवर्ग नव्हे. प्रशिक्षणवर्गात शुल्क भरणारा विद्यार्थी आणि शिकविणारा प्रशिक्षक असे नाते असते. क्लबमध्ये दहा वर्षांची मुलगी व सत्तर वर्षांचे निवृत्त कर्मचारी एकाच पटावर समोरासमोर बसतात. वय, भाषा, उत्पन्न यांच्या भिंती ओलांडणारा असा सहवास शहरात दुर्मिळ असतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात अशा सहवासातून निर्माण होणाऱ्या परस्परविश्वासाला ‘सामाजिक भांडवल’ म्हटले व स्थानिक मंडळे क्षीण झाल्याने ते कसे घटते, याची चर्चा केली. क्लबचा लाभ सदस्यांपलीकडे पोहोचतो. खर्च मात्र मोजक्या सदस्यांनाच सोसावा लागतो. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही सकारात्मक बाह्यता आहे आणि जेथे बाह्यता असते तेथे केवळ बाजारावर विसंबून पुरवठा पुरेसा होत नाही.

करोल बाग : जागेची स्पर्धा

मध्य दिल्लीतील करोल बाग हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेली असंख्य निर्वासित कुटुंबे येथे व लगतच्या राजेंद्रनगरात स्थिरावली. निवासी वस्तीचे हळूहळू दिल्लीच्या प्रमुख बाजारपेठेत रूपांतर झाले. दिल्लीच्या २०२१ च्या बृहत् आराखड्यात या भागाला ‘विशेष क्षेत्र’ म्हणून वेगळे स्थान देण्यात आले. ३१ डिसेंबर २००५ रोजी येथे मेट्रो पोहोचली. स्पर्धापरीक्षांच्या शिकवण्यांचे केंद्र म्हणूनही हा परिसर देशभर परिचित झाला; महाराष्ट्रातील अनेक विद्यार्थी तयारीसाठी येथे येतात. परिणामी दुकान, गोदाम, वसतिगृह, शिकवणी आणि अभ्यासिका या सर्वांची एकाच चौरस फुटासाठी स्पर्धा चालते.

या स्पर्धेत क्लब का मागे पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, वीस आसनांच्या एका खोलीचे मासिक भाडे ३०,००० रुपये आहे. तेथे अभ्यासिका काढली व प्रत्येक आसन दोन पाळ्यांत दरमहा १,००० रुपयांना दिले, तर ४०,००० रुपये मिळतात. त्याच खोलीत बुद्धिबळ क्लब काढला आणि चाळीस सदस्यांनी दरमहा २०० रुपये वर्गणी दिली, तर जमा होतात ८,००० रुपये; म्हणजे भाड्यापोटीच २२,००० रुपयांची तूट. वर्गणी तिप्पट केली तरी तूट पूर्णतः भरून निघत नाही आणि ज्यांच्यासाठी क्लब हवा तेच सदस्य गळतात. येथे व्यवस्थापनाचा दोष नाही. त्या जागेच्या पर्यायी वापरातून मिळणारे उत्पन्न क्लबच्या ऐपतीपलीकडचे आहे. यालाच संधी-खर्च म्हणतात.

स्वस्त जागेचा शोध अनेकदा तळघरापाशी थांबतो. जुलै २०२४ मध्ये जुन्या राजेंद्रनगरात एका शिकवणी संस्थेच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन परीक्षार्थींचा मृत्यू झाला. मुलांना एकत्र आणणाऱ्या कोणत्याही संस्थेने जागेच्या सुरक्षिततेशी तडजोड करता कामा नये, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

स्वमालकीचे महत्त्व : न्यूयॉर्कचा दाखला

जागेचा प्रश्न केवळ भारतीय नाही. न्यूयॉर्कमध्ये १८७७ साली स्थापन झालेला मॅनहॅटन चेस क्लब अमेरिकेतील अत्यंत प्रतिष्ठित क्लब होता. त्याला वेळोवेळी जागा बदलावी लागली व अखेर २००२ मध्ये तो बंद पडला. त्याच शहरातील १९१५ चा मार्शल चेस क्लब आजही सुरू आहे. त्याच्या चाहत्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी क्लबसाठी इमारत मिळवून दिली होती. शहर एक, खेळ एक, खेळाडूंचा दर्जाही तुल्यबळ. परंतु एकाच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर होते. सर्व कारणे यात सामावत नसली तरी जागेची शाश्वती हा निर्णायक घटक होता, असे म्हणता येते.

सांगली आणि चेन्नई

महाराष्ट्रात सांगलीने बुद्धिबळाची परंपरा निष्ठेने जपली. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून स्पर्धा व प्रशिक्षण यांचे कार्य दीर्घकाळ केले. सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या व १९८७ मध्ये पद्मश्रीने सन्मानित झाल्या. महानगराची साधने नसतानाही नियमितपणा व निष्ठा यांच्या बळावर एखादे गाव खेळाचे केंद्र होऊ शकते, हे सांगलीने दाखविले. मात्र अशा कार्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. संस्था एका ध्येयवेड्या व्यक्तीच्या आधारावर उभी राहते तेव्हा ‘त्यांच्यानंतर कोण?’ हा प्रश्न लवकर विचारला गेला पाहिजे.

चेन्नईत १९७२ मध्ये सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात मिखाईल ताल यांच्या नावाने क्लब सुरू झाला. देशाचे पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर मॅन्युएल एरन यांचे त्याला मार्गदर्शन होते आणि बालवयातील आनंद तेथेच खेळले. जागा, पुस्तके व अनुभवी खेळाडू एकत्र आले की काय घडू शकते, याचे हे उदाहरण. अशा आश्रयाला मर्यादाही असते; आश्रयदात्याचे धोरण वा अस्तित्वच बदलू शकते. सोव्हिएत संघाचे १९९१ मध्ये विघटन झाले.

अन्य आव्हाने

पहिले आव्हान मनुष्यबळाचे. दार उघडणे, घड्याळे लावणे, स्पर्धेच्या जोड्या पाडणे, हिशेब ठेवणे ही कामे विनावेतन करणारे हात थोडे असतात. दुसरे आव्हान ऑनलाइन खेळाचे. २०२० च्या टाळेबंदीत संगणकावरील बुद्धिबळाचा मोठा प्रसार झाला. मध्यरात्रीही तुल्यबळ प्रतिस्पर्धी घरबसल्या मिळू लागल्यावर केवळ डाव खेळण्यासाठी क्लबात जाण्याचे कारण उरत नाही. म्हणून क्लबने पडद्यावर न मिळणाऱ्या गोष्टी द्याव्यात: डावानंतरची चर्चा, दीर्घ वेळेचे डाव, सांघिक सामने. तिसरे आव्हान गुणवंतांच्या गळतीचे. होतकरू खेळाडू खासगी प्रशिक्षकाकडे वळतो आणि क्लबशी त्याचा संबंध सुटतो. चौथे आव्हान मुली व महिलांच्या सहभागाचे. सायंकाळची वेळ, प्रकाश, स्वच्छतागृह आणि सुरक्षित येणे-जाणे यांवाचून तो वाढणार नाही.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

संघटना स्थापन करण्याचा अधिकार अनुच्छेद १९(१)(ग) देतो. ‘क्रीडा’ हा विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३३व्या नोंदीत आहे. ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांची तरतूद तसेच सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक पैलूंना प्रोत्साहन या बाबींचा समावेश आहे. दिल्लीची स्थिती मात्र वेगळी आहे. अनुच्छेद २३९कक नुसार जमीन हा विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहे. दिल्ली विकास प्राधिकरण केंद्राच्या अधीन आहे, तर अनेक उद्याने व समाजभवने महानगरपालिकेकडे आहेत. त्यामुळे करोल बागेतील क्लबला खेळासाठी एका शासनाकडे, जमिनीसाठी दुसऱ्याकडे आणि सभागृहासाठी तिसऱ्याकडे जावे लागू शकते.

१८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमानुसार किमान सात व्यक्ती संस्था नोंदवू शकतात. व्यवस्थापन मंडळाची यादी दर वर्षी निबंधकाकडे सादर करावी लागते. ही औपचारिकता लहान क्लबांना जाचक वाटते. परंतु बँक खाते, देणग्या आणि सार्वजनिक जागेची मागणी यांसाठी नोंदणीच आधार ठरते.

उपाययोजना

पहिला उपाय जागेच्या सामायिक वापराचा. शाळांच्या वर्गखोल्या सायंकाळी व सुटीच्या दिवशी रिकाम्या असतात. समाजभवने लग्नसराईबाहेर ओस पडतात. आठवड्यातून दोन ठरावीक वेळा लेखी कराराने मिळाल्या तरी भाड्याचा भार जवळजवळ नाहीसा होतो. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, आवाज होत नाही, साहित्य एका कपाटात मावते. त्यामुळे सामायिक वापरासाठी हा खेळ विशेष अनुकूल आहे. दुसरा उपाय पदाधिकाऱ्यांच्या मुदतीचा. कार्यवाहपद दर दोन-तीन वर्षांनी बदलावे आणि नव्या कार्यवाहाने आधी सहकार्यवाह म्हणून काम केलेले असावे. तिसरा उपाय उत्पन्नाच्या विविधतेचा. वर्गणी, स्पर्धाशुल्क, व्यापारी संघटनांचे साहाय्य व माजी सदस्यांच्या देणग्या यांचा मेळ घातल्यास कोणताही एक स्रोत आटला तरी संस्था कोलमडत नाही. चौथा उपाय पालिकेने करावयाचा. प्रत्येक प्रभागातील सभागृहांचे काही तास नोंदणीकृत क्रीडा व सांस्कृतिक मंडळांसाठी नाममात्र दराने राखून ठेवावेत. यासाठी नव्या बांधकामाची गरज नाही, केवळ वेळापत्रकाची आहे.

समारोप

करोल बागेत अजमल खान मार्गाचा काही भाग २०१९ मध्ये वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. गजबजलेल्या बाजारपेठेतही नागरिकांसाठी जागा मोकळी करता येते, हे त्यातून दिसले. स्थानिक क्लबांना अनुदानापेक्षा अशा निश्चित, सुरक्षित व परवडणाऱ्या जागेची निकड अधिक आहे. विजेत्यांचा गौरव करणे शासनाला व समाजाला सोपे असते. ज्या खोलीत पहिल्यांदा पट मांडला गेला ती खोली उघडी ठेवणे अधिक कष्टाचे, परंतु अधिक दूरगामी कार्य आहे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘स्थानिक क्रीडा मंडळे ही सामाजिक भांडवलाची निर्मितिकेंद्रे आहेत.’ उदाहरणांसह चर्चा करा.
२. महानगरांतील सार्वजनिक जागांच्या वापरात संधी-खर्चाची संकल्पना कशी लागू पडते, ते स्पष्ट करा.
३. दिल्लीतील अधिकारविभागणीचा नागरी सुविधांवर होणारा परिणाम तपासा.