नळीची त्रिज्या आणि चिमूटभर मीठ



पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आरोग्यावर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. डॉक्टरांचे काम डॉक्टरांनीच करावे, हे मलाही मान्य आहे. परंतु आज आपल्याला ज्या नियमाची ओळख करून घ्यायची आहे तो पदार्थविज्ञानाचा आहे, आणि तो शोधून काढणारा मनुष्य मात्र डॉक्टर होता. तो नियम मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो; पण त्याचा माझ्या स्वतःशी काही संबंध आहे हे मला फार उशिरा उमगले. तुम्हाला ते वेळेवर कळावे, म्हणून हा लेख.

प्रयोगशाळेतील दोन नळ्या

आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी एक सोपा प्रयोग करतात. सारख्या लांबीच्या दोन बारीक काचनळ्या घ्यायच्या. एकीचे छिद्र दुसरीच्या छिद्राच्या दुप्पट रुंद असावे. दोन्ही नळ्यांत सारख्याच उंचीवरून पाणी सोडायचे आणि ठरावीक वेळात प्रत्येकीखाली किती पाणी जमते ते मोजायचे. प्रयोगापूर्वी मी मुलांना अंदाज विचारतो. कोणी म्हणतो, "दुप्पट." जरा विचार करणारा म्हणतो, "छिद्राचे क्षेत्रफळ चौपट, म्हणून पाणीही चौपट." प्रत्यक्षात अरुंद नळीखाली ५ मिलिलिटर पाणी जमले, तर रुंद नळीखाली जवळजवळ ८० मिलिलिटर जमते. म्हणजे सोळापट!

असे का व्हावे? नळीच्या भिंतीला लागून असलेला पाण्याचा थर भिंतीला चिकटून जवळजवळ स्थिर राहतो. त्याच्या आतला थर थोडा पुढे सरकतो, त्याच्या आतला आणखी थोडा, आणि अगदी मध्यभागचे पाणी सर्वांत वेगाने धावते. नळी दुप्पट रुंद केली की पाण्याला वाहायला जागा चौपट मिळते, आणि भिंतीची अडवणूक दूर गेल्यामुळे सरासरी वेगही चौपट होतो. चार गुणिले चार, सोळा. गणिताच्या भाषेत, प्रवाह हा त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो.

हा नियम १८३८ च्या सुमारास प्वाझय या फ्रेंच डॉक्टरने प्रयोगांनी शोधून काढला. त्याला खरे कुतूहल होते ते शरीरातील अतिसूक्ष्म वाहिन्यांतून रक्त कसे वाहते याचे. म्हणून त्याने केसासारख्या बारीक काचनळ्या घेऊन त्यांतून पाणी सोडले आणि काटेकोर मोजमापे केली.

दाब मोजायचा कसा?

रक्ताचा दाब प्रथम मोजला तो स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात. हेल्सने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवून ती उभ्या काचनळीला जोडली. रक्त नळीत ८ फूट ३ इंच, म्हणजे अडीच मीटर उंच चढले! हा प्रयोग त्याने १७३३ साली प्रसिद्ध केला.

एवढी उंच नळी घेऊन कोण हिंडणार? प्वाझयने १८२८ मध्ये तीऐवजी पाऱ्याचा दाबमापक वापरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने त्याचा स्तंभ आखूड पुरतो. पुढे १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोचीने दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची युक्ती काढली, आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्हने स्टेथोस्कोपने रोहिणीचा आवाज ऐकून दाब ठरवण्याची रीत दाखवली. आता बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आहेत. परंतु आकडे अजूनही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच सांगतात. '१२० आणि ८०' यातला मोठा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा आणि लहान आकडा ते सैल पडतानाचा. १२० मिलिमीटर पारा म्हणजे पाण्याचा १६३२ मिलिमीटर उंच स्तंभ. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जाईल एवढा!

माझा आकडा

काही वर्षांपूर्वी आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक डॉक्टर रक्तदाब तपासायला आल्या होत्या. मी नुकताच तास संपवून आलो होतो. माझा आकडा निघाला १५२ आणि ९६. १४० आणि ९० च्या वर रक्तदाब वारंवार आढळला तर तो साधारणपणे उच्च रक्तदाब समजतात.

"काहीतरी चूक असेल, मला कसलाच त्रास नाही," मी म्हणालो.

"आज वर्गात काय शिकवलंत, सर?" त्यांनी विचारले.

"प्वाझयचा नियम."

"मग मी तुम्हाला वेगळं काय सांगू?"

एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, हे आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच शिकवतो. म्हणून पुढे दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजले. आकडे तेच सांगत होते. तेव्हा मला माझे वडील आठवले. ते शाळामास्तर होते. ५८ व्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला पुढे डाव्या हाताने सही गिरवावी लागली. त्यापूर्वी त्यांचा रक्तदाब कोणी मोजलाच नव्हता, कारण त्यांनाही कसलाच त्रास नव्हता. उच्च रक्तदाबाची हीच मोठी अडचण आहे. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मोजल्याशिवाय कळत नाही.

रोजची पोती

आता वहीपेन्सिल घ्या. रोहिणीतील सरासरी दाब १०० मिलिमीटर पारा धरू, म्हणजे सुमारे १३,३०० पास्कल. हृदयाचा डावा भाग एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलतो. दाब आणि घनफळ यांचा गुणाकार म्हणजे कार्य. ते येते ०.९३ ज्यूल. मिनिटाला ७० ठोके, तर दिवसाला १,००,८०० ठोके. एकूण कार्य सुमारे ९४,००० ज्यूल. ५० किलोचे पोते एक मीटर उचलायला ४९० ज्यूल लागतात. म्हणजे तुमच्या मुठीएवढे हृदय रोज अशी सुमारे १९० पोती उचलते!

रक्तदाब १६० आणि १०० झाला की सरासरी दाब १२० च्या आसपास जातो. मग रोज आणखी ३८ पोती वाढतात. त्यांना रविवारची सुटी नाही, दिवाळीची नाही. जादा ओझे उचलून हमालाचे दंड फुगावेत तशी हृदयाची भिंत जाड होते. पण ही जाडी शक्तीची नसून पुढे हृदय थकवणारी असते. शिवाय मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांतील नाजूक वाहिन्यांना तो वाढीव दाब वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

हा दाब वाढतो कशाने? रोहिणीच्या अगदी बारीक शाखांच्या भिंतींत स्नायू असतात. ते आवळले की नळी अरुंद होते. आता चतुर्थ घात लावा. त्रिज्या फक्त ५ टक्क्यांनी कमी झाली, तर तेवढेच रक्त पुढे पाठवायला दाब सुमारे १.२३ पट लागतो. १० टक्क्यांनी कमी झाली, तर १.५२ पट! रक्त हे साधे पाणी नव्हे आणि वाहिन्या काचेच्या नव्हेत, त्यामुळे हे उत्तर शरीरात तंतोतंत जुळणार नाही. पण थोड्याशा अरुंदपणाची किंमत मोठी असते, ही गोष्ट तिथेही खरीच आहे.

नळी कोण आवळते, कोण सैल करते?

यात अनुवंश आणि वय यांचा वाटा असतो. तो आपल्या हाती नाही. पण बाकीचे बरेचसे रोजच्या सवयींत आहे.

पहिली सवय मिठाची. मिठातील सोडियमबरोबर शरीरात पाणी राहते, रक्ताचे घनफळ वाढते आणि त्याबरोबर दाबही. जास्त मीठ वर्षानुवर्षे खाल्ले तर वाहिन्यांच्या भिंतीही ताठर होत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचवले आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आपल्या देशात सरासरी त्याहून बरेच अधिक खाल्ले जाते. पानात आधी मीठ वाढायची आपली रीत. त्यावर पापड, लोणचे आणि फरसाण!

दुसरी सवय तंबाखूची. विडी असो, सिगारेट असो, तंबाखूची चिमूट असो की मिश्री, त्यातील निकोटीन वाहिन्या आवळते आणि हृदयाचे ठोके वाढवते. येथे 'थोडी चालेल' असे प्रमाण नाहीच.

तिसरी सवय बसून राहण्याची. तुम्ही धावता तेव्हा रक्त वेगाने वाहते आणि वाहिनीच्या आतल्या अस्तरावर त्याची ओढ बसते. त्या ओढीने अस्तरातील पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात, आणि त्याच्या संदेशाने स्नायू सैल होऊन नळी रुंदावते. या वायूच्या कामगिरीचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आता चतुर्थ घात आपल्या बाजूने लढतो. त्रिज्या ५ टक्क्यांनी वाढली, तर त्याच दाबाखाली प्रवाह २१ टक्क्यांहून अधिक वाढतो!

लंडनच्या बसमधील चालक आणि वाहक

कागदावरचे हे गणित माणसांच्या आयुष्यात दिसते का? जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसमधील हजारो कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष १९५३ मध्ये प्रसिद्ध केले. चालक दिवसभर बसून. वाहक मात्र तिकिटे देत जिना चढत-उतरत, दिवसाकाठी पाचशेहून अधिक पायऱ्या. बस एकच, शहर एकच; पण हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत चालकांपेक्षा कितीतरी कमी आढळले.

तुम्ही चाणाक्ष असाल तर विचाराल, "चालक मुळातच लठ्ठ असतील तर?" हीच शंका मॉरिसला आली. त्याने त्यांच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेत खरोखरच रुंद निघाल्या! म्हणून एका पुराव्यावर विसंबून चालत नाही. परंतु चालणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातील बैठे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला, आणि पुढे इतर देशांतील अनेक पाहण्यांनी हालचालीच्या बाजूनेच कौल दिला. मॉरिस स्वतः नियमित व्यायाम करी. तो २००९ मध्ये वारला तेव्हा ९९ वर्षांचा होता. एका माणसावरून नियम ठरत नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा!

घरी करण्याचे तीन प्रयोग

१. घरात मिठाची एक किलोची नवी पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहा. ती संपेल त्या दिवशी १००० ला घरातील माणसांच्या संख्येने आणि दिवसांच्या संख्येने भागा. चार माणसांत पुडी ५० दिवस पुरली, तर दरडोई ५ ग्रॅम. ती २५ दिवसांत संपली, तर १० ग्रॅम. बाहेरून आणलेल्या खाऱ्या पदार्थांतील मीठ यात धरलेले नाही, हे विसरू नका. मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरा, फक्त कमी.

२. स्वस्थ बसून मिनिटभर नाडी मोजा. मग दोन जिने भराभर चढून पुन्हा मोजा आणि ती किती मिनिटांत पूर्ववत होते ते टिपा. तुमच्या वयाला रोज सरासरी तासभर खेळ किंवा दमछाक होईल अशी हालचाल हवी. महिनाभर ती केल्यावर हाच प्रयोग पुन्हा करा आणि आकडे शेजारी शेजारी मांडा.

३. घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला विचारा, "तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" उत्तरे वहीत लिहा.

माझे म्हणाल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी मी रोज घेतो. ती आपल्या मनाने बंद करायची नसते. घरापासून महाविद्यालय सव्वा किलोमीटर आहे. तेवढ्यासाठी मी स्कूटर काढत असे, आता चालत जातो. पापड सणावारी खातो. गेल्या महिन्यात आकडा १२८ आणि ८२ होता. यात गोळीचा वाटा किती आणि चालण्याचा किती, ते मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण प्रयोगात मी तीन गोष्टी एकदम बदलल्या.

तिसऱ्या प्रयोगाचे उत्तर 'कधीच नाही' असे आले, तर त्या व्यक्तीला या आठवड्यातच जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. माझ्या वडिलांना हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता.