कोल्हापूरहून विजयदुर्ग: घाटमाथ्यापासून वाघोटनच्या मुखापर्यंत

वाघोटन खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे देवगड तालुक्यात विजयदुर्ग उभा आहे. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या शिलाहार दुसऱ्या भोजाने तो बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला, असे मानले जाते. खारेपाटणचे जुने बंदर याच खाडीत आत आहे. घाटमाथ्याच्या राजाला खाडीचे मुख राखणे का गरजेचे होते, ते त्यावरून कळते. पन्हाळा आणि विजयदुर्ग, दोन्ही २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे या मार्गाने अंतर सुमारे दीडशे किलोमीटर पडते. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, तेव्हा निघण्यापूर्वी रस्ता सुरू असल्याची खात्री करावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आदिलशाहीकडून किल्ला घेऊन शिवाजी महाराजांनी त्याची तटबंदी वाढवली. कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२० मध्ये इंग्रजांचा आणि १७२४ मध्ये डचांचा हल्ला येथे फसला. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आणि वॉटसन व क्लाइव्ह या इंग्रज सेनानींचे आरमार समुद्रातून तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. आंग्र्यांची जहाजे जळून गेली. मराठी आरमाराचा कणा मराठ्यांच्याच मदतीने मोडला. या किल्ल्याच्या इतिहासात याहून दुःखद घटना नाही. त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला, पुढे धुळपांनी येथून आरमार सांभाळले आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला.

तिहेरी तटातले प्रवेशद्वार जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत सदर, दारूकोठार, खलबतखाना आणि खुबलढा बुरूज पाहण्यास दोन-तीन तास हवेत. ‘साहेबाच्या ओट्या’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉक्यरने १८६८ मध्ये हेलियम शोधला, असे येथे सांगितले जाते, प्रत्यक्षात त्या वर्षी त्याने आपली निरीक्षणे इंग्लंडमधून केली. झाडांच्या मुळांनी जांभ्याचे चिरे सैल झाले आहेत आणि तट काही ठिकाणी ढासळलाही आहे, म्हणून कडेवर चढू नये.

बहुतेक जण येथूनच परततात, पण गिर्ये येथील रामेश्वर मंदिर आणि खाडीकाठची आरमारी गोदी पाहिल्याशिवाय हा किल्ला पुरता समजत नाही. जहाजांची डागडुजी इथे होत असे. गोदीकडे ओहोटीच्या वेळी जावे. त्यासाठी गावात एक मुक्काम ठेवावा.